वाचक विचारतात : दागिन्यांवरची चिन्हे कोणाची आणि कशासाठी?

दागिन्यांवरील धार्मिक आणि ऐतिहासिक चिन्हांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख ‘या आकाराचा अर्थ काय?’ असा आहे. उत्तरे लिहिताना मी हा प्रश्न जरा वेगळा करून घेतला आहे. तो आकार कोणी घातला, केव्हा घातला, शरीरावर कोठे आणि कोणत्या प्रसंगी घातला, हे आधी पाहिले आहे. एकाच आकाराने दोन काळांत दोन अगदी वेगळे अर्थ धारण केल्याची उदाहरणे अलंकारांच्या इतिहासात पावलोपावली आढळतात, त्यामुळे केवळ आकृती पाहून सांगितलेला अर्थ सहसा अपुरा पडतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे भुंग्याच्या आकाराचे निळे लोलक आहे. ‘हे इजिप्तचे संरक्षक चिन्ह आहे’ असे सांगून ते मला देण्यात आले. मागच्या सपाट बाजूवर चित्रलिपीची अक्षरे आहेत. एका किड्याला एवढे महत्त्व कसे आले? त्या अक्षरांना काही अर्थ असेल का?

हा साधा शेणकिडा आहे. शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत नेतो, आणि याच किड्याची मादी जमिनीखाली नेलेल्या शेणगोळ्यात अंडी घालते. प्राचीन इजिप्तच्या लोकांना गोळा ढकलणारा किडा दिसत होता आणि काही काळाने मातीतून वर येणारे नवे किडेही दिसत होते. त्यातून त्यांनी दोन अर्थ जोडले : हा किडा स्वतःच स्वतःला जन्म देतो, आणि त्याच्यासारखीच एखादी शक्ती सूर्याचा गोळा रोज आकाशात ढकलते. पहाटेच्या सूर्याचा देव खेप्री हा या किड्याच्या रूपात दाखवला जाई. म्हणून या चिन्हाचा मूळ गाभा पुनर्जन्माचा आहे. संरक्षण हा त्याचा एक उपयोग होता.

या उपयोगांमध्येही मोठी विविधता होती. सर्वांत गंभीर उपयोग मृत्यूनंतरचा. मृताच्या छातीवर, वेष्टनाच्या आत, बहुधा हिरव्या दगडाचा एक मोठा भुंगा ठेवला जाई आणि त्याच्या तळावर हृदयाला उद्देशून लिहिलेला मंत्र कोरलेला असे. परलोकात मृताचे हृदय सत्याच्या पिसासमोर तराजूत तोलले जाते, अशी श्रद्धा होती. त्या प्रसंगी हृदयाने आपल्याच मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी या मंत्रात आहे. दुसरा उपयोग अगदी व्यवहारातला होता. तळावर नाव किंवा पद कोरलेले छोटे भुंगे मुद्रा म्हणून वापरले जात. तिसरा राजकीय : तिसरा अमेनहोतेप या राजाने आपल्या सिंहाच्या शिकारीसारख्या घटनांची वार्ता कोरलेले मोठे भुंगे काढले होते.

या चिन्हाची ताकद पाहायची असेल तर तुतनखामेन या इजिप्तच्या राजाच्या दागिन्यांकडे पाहावे. हॉवर्ड कार्टर यांनी त्याची कबर १९२२ मध्ये शोधली. तिच्यातील एका पदकात मधोमध लाजवर्द या निळ्या दगडाचा पंखधारी भुंगा आहे, त्याच्या डोक्यावर सूर्यबिंब आहे, खाली तीन उभ्या रेघा आणि त्याखाली टोपली आहे. दिसायला ही केवळ सुंदर नक्षी वाटते. प्रत्यक्षात टोपली, भुंगा, तीन रेघा आणि सूर्य ही चारही चित्रलिपीची अक्षरे असून ती मिळून ‘नेबखेपेरुरे’ हे त्याचे राज्याभिषेकाचे नाव तयार होते. राजा आपले नावच छातीवर लेवत होता आणि त्या नावात उगवता सूर्यही होता. त्याच कबरीतील दुसऱ्या एका पदकात मध्यभागी फिकट पिवळसर-हिरव्या रंगाचा अर्धपारदर्शक भुंगा आहे. त्याला ससाण्याचे पंख आहेत. वर एक नाव आहे, नावेत डोळा आहे आणि त्यावर चंद्रकोर व चंद्रबिंब आहे. कार्टर यांना तो भुंगा कॅल्सेडनी या दगडाचा वाटला होता. १९९० च्या दशकातील तपासणीत तो नैसर्गिक काचेचा ठरला. ही काच सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तयार झाली आणि ती इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या वाळवंटात सापडते.

आता आपल्या लोलकावरील अक्षरांविषयी. इजिप्तबाहेरच्या कारागिरांनी प्राचीन काळीच अशा भुंग्यांच्या नकला केल्या होत्या, आणि फिनिशियन भुंग्यांवर चित्रलिपीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरे आढळतात. पुढे एकोणिसाव्या शतकापासून प्रवाशांसाठी असे भुंगे मोठ्या प्रमाणावर घडवले गेले. १९२० च्या दशकात कार्तिएसारख्या जवाहिऱ्यांच्या पेढीने खरे प्राचीन भुंगे नव्या हिऱ्यांच्या कोंदणात बसवले. त्यामुळे अक्षरे जुनी आहेत की नाहीत, एवढ्यावरून दागिन्याचे वय ठरत नाही. तळाचे स्पष्ट छायाचित्र काढून प्राचीन इजिप्तच्या जाणकाराला दाखवावे. नाव किंवा पद वाचता आले तर उत्तर लगेच मिळेल.

प्रश्न : स्वतःचे शेपूट तोंडात धरलेल्या सापाची अंगठी साखरपुड्यासाठी योग्य आहे का? घरात यावर दोन मते आहेत. एक पक्ष सापाला अनंतत्वाचे प्रतीक मानतो, दुसरा पापाचे.

दोन्ही पक्षांच्या मागे परंपरा आहे. मात्र अंगठीच्या बाबतीत पहिल्या पक्षाचा पुरावा अधिक बळकट आहे.

शेपूट गिळणाऱ्या सापाच्या सर्वांत जुन्या ज्ञात आकृतींपैकी एक, आश्चर्य वाटेल, पण तुतनखामेनच्याच कबरीतील सोनेरी देव्हाऱ्यावर आहे. तेथे एका उभ्या आकृतीच्या डोक्याभोवती एक साप आणि पायांभोवती दुसरा साप वेटोळे घालून आपली शेपूट धरून आहे. काळाला आदी आणि अंत एकाच ठिकाणी आहेत, ही कल्पना तेथून पुढे ग्रीक आणि युरोपीय किमयागारांपर्यंत पोहोचली. सापाचा पापाशी संबंध बायबलमधील एदेनच्या कथेतून येतो. ज्या समाजात ती कथा मध्यवर्ती होती, त्याच समाजात १८३९ मध्ये राजपुत्र अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला साखरपुड्याची जी अंगठी दिली ती सापाच्या आकाराची होती, आणि त्या सापाच्या डोक्यात पाचू बसवलेला होता. पाचू हे तिच्या जन्ममहिन्याचे रत्न मानले जाई. त्या काळी साप हे चिरंतन प्रेमाचे सर्वमान्य चिन्ह होते आणि राणीच्या अंगठीनंतर सापाच्या आकाराच्या दागिन्यांची आवड आणखी वाढली. तेव्हा आपल्या निवडीला राजघराण्यातला आणि श्रद्धावान ख्रिस्ती घरातला दाखला आहे.

येथे एक उदाहरण मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ते मनातून जात नाही. पॉम्पेईजवळच्या मोरेजिने येथे इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत दगावलेल्या एका स्त्रीच्या अंगावर सोन्याचे सर्पाकार कडे सापडले. त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे : ‘धन्याकडून आपल्या दासीला’. रोमन जगात असे कडे सामान्यपणे आरोग्य, समृद्धी आणि घराच्या रक्षक देवतेशी जोडले जाई. या एका कड्यावर मात्र ती आकृती मालकी आणि जवळीक यांच्या अवघड नात्यात अडकलेली दिसते. ते तीन शब्द कोरलेले नसते, तर आपण त्या कड्याला सौभाग्याचे चिन्ह म्हणून मोकळे झालो असतो.

अंगठी अवश्य घ्यावी. आतल्या बाजूस दोघांची नावे किंवा तारीख कोरून घेतली, तर तिचा अर्थ पुढच्या पिढीला अंदाजाने लावावा लागणार नाही.

प्रश्न : महिन्यानुसार ठरलेली जन्मरत्ने आणि नवरत्ने यांत फरक काय? जन्मरत्नांची परंपरा किती जुनी?

या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. नवरत्नांची मांडणी नऊ ग्रहांवर आधारलेली आहे : सूर्यासाठी माणिक, चंद्रासाठी मोती, मंगळासाठी पोवळे, बुधासाठी पाचू, गुरूसाठी पुष्कराज, शुक्रासाठी हिरा, शनीसाठी नीलम, राहूसाठी गोमेद आणि केतूसाठी लसण्या. नऊ रत्ने एकत्र जडवताना माणिक मध्यभागी ठेवण्यामागे सूर्य केंद्रस्थानी असल्याची कल्पना आहे, म्हणून त्या दागिन्याची रचनाच एका आकाशचित्रासारखी असते.

जन्मरत्नांचे मूळ हिब्रू धर्मग्रंथातील महायाजकाच्या बारा रत्ने जडवलेल्या वक्षपट्टापर्यंत नेले जाते. ती रत्ने इस्रायलच्या बारा वंशांची होती. त्यांचा बारा महिन्यांशी आणि बारा राशींशी संबंध नंतर जोडला गेला. आज दुकानांत दिसणारी यादी १९१२ मध्ये अमेरिकेतील सराफांच्या संघटनेने निश्चित केली आणि पुढेही तिच्यात भर पडत राहिली. टांझानाइट हे रत्न टांझानियात १९६७ मध्ये सापडले आणि डिसेंबरच्या रत्नांमध्ये त्याचा समावेश २००२ मध्ये झाला. भावनेने जन्मरत्न घालण्यात काहीच गैर नाही, परंतु सध्याची यादी ‘हजारो वर्षांची’ असल्याचे कोणी सांगितले, तर ते मान्य करू नये.

प्रश्न : निळा ‘नजर’ मणी आणि इजिप्तचा डोळा एकच का?

नाही. इजिप्तच्या डोळ्याला भुवई असते, खाली ससाण्याच्या गालावरील खुणेसारखी एक उभी रेघ असते आणि एक वळलेली रेघ असते. हा होरस देवाचा, जखमी होऊन पुन्हा बरा झालेला डोळा आहे आणि त्यामागे अखंडतेची व आरोग्याची भावना आहे. इजिप्तमधील तानिस येथे पुरातत्त्वज्ञ पिएर माँते यांना राजा दुसरा शेशोंक याच्या मृतदेहावर सापडलेल्या सोन्याच्या कड्यांवर हा डोळा ठळकपणे जडवलेला आहे. निळा मणी हा पाहणाऱ्याची दृष्टी परतवण्यासाठी असतो. त्यात एकात एक वर्तुळे असतात, भुवई नसते. मेसोपोटेमियात अकीकाचे डोळ्यासारखे मणी देवतांना अर्पण केले जात आणि त्यांवर राजाचे नाव कोरले जाई, ही आणखी तिसरी परंपरा.

प्रश्न : माझा मुलगा कवटीची अंगठी वापरतो. मला ती पाहवत नाही. मृत्यूचे चिन्ह अंगावर घालणे ही आजकालचीच टूम आहे का?

आपली अस्वस्थता समजते. कवटी दिसली की मन आक्रसते, आणि ज्यांनी हे चिन्ह प्रथम दागिन्यांत आणले त्यांना नेमके तेच हवे होते. सोळाव्या आणि सतराव्या शतकातील युरोपात मृत्यूची आठवण सतत जवळ ठेवणे हा धर्माचरणाचा भाग होता. प्लेगच्या साथी वारंवार येत, बालमृत्यू घरोघरी होत, आणि मरण केव्हाही येईल तेव्हा आजच नीट वागावे, असा उपदेश प्रवचनांतून होई. कवटीची अंगठी हा तोच उपदेश होता, बोटावर घातलेला.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टॉर ॲबी येथे सापडलेले एक लोलक आहे. ते साधारण १५४०-५० च्या सुमाराचे आहे. आकार शवपेटीचा. पेटीवर नाजूक वेलबुट्टीचे मीनाकाम आहे. झाकण उघडले की आत पांढऱ्या मीन्यात घडवलेला सांगाडा दिसतो, अगदी बरगड्यांसह. पेटीच्या कडेने कोरलेल्या वाक्याचा आशय असा आहे की ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे आपण सर्व पवित्र झालो. घालणाऱ्याला सांगाड्याची भीती वाटावी, एवढाच हेतू असता तर हे वाक्य आले नसते. सांगाडा हा अर्धा अर्थ आहे आणि कडेचे वाक्य हा उरलेला अर्धा. ज्या हाताने ते घडवले, त्या हाताने दोन्ही समान काळजीने केले आहेत.

पुढच्या शतकात हे चिन्ह एका माणसापुरते झाले. ३० जानेवारी १६४९ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्याचे छोटे चित्र असलेल्या अंगठ्या घातल्या. त्या स्मरणाच्याही होत्या आणि निष्ठेच्याही. त्यानंतर मृत्युपत्रात आप्तांच्या शोक-अंगठ्यांसाठी रक्कम ठेवण्याची रीत रूढ झाली. या अंगठ्यांची भाषा बारकाईने ठरलेली होती. काळा मीना सर्वसाधारण शोकाचा, पांढरा मीना अविवाहित व्यक्तीच्या किंवा मुलाच्या मृत्यूचा. मोती म्हणजे अश्रू. १८६१ च्या डिसेंबरमध्ये अल्बर्ट गेल्यानंतर राणी व्हिक्टोरियाने जो दीर्घ शोक पाळला, त्यामुळे इंग्लंडच्या व्हिटबी गावच्या जेट या काळ्या, हलक्या पदार्थाच्या दागिन्यांना मोठी मागणी आली, आणि मृताचे केस विणून पदकात बसवणेही सर्वत्र दिसू लागले. तोपर्यंत कवटी मागे पडली होती. तिची जागा रडणारी स्त्री, अस्थिकलश आणि विलो वृक्ष यांनी घेतली होती.

भारतीय आणि तिबेटी परंपरेतही मुंडमाळा आहे, अस्थींचे अलंकार आहेत. तेथे ते देवतेच्या किंवा साधकाच्या अंगावर असतात आणि अहंकाराचा नाश दर्शवतात. त्यांचा प्रांत साधनेचा आहे, नित्य वापराचा नव्हे.

आपला मुलगा बहुधा यांपैकी कोणत्याच परंपरेत उभा नसेल. विसाव्या शतकात मोटरसायकलस्वारांच्या टोळ्यांनी आणि संगीताच्या मंचांनी कवटीला बेदरकारपणाचे चिन्ह केले, तेथून ती त्याच्यापर्यंत आली असावी. त्याला विचारून पाहावे. पत्रातला आपला सूर काळजीचा आहे, म्हणून सांगतो : जुन्या अर्थाने पाहिले तर या अंगठीत अशुभ असे काही नाही, उलट ‘आयुष्य थोडे आहे, ते नीट जग’ असा तिचा आग्रह होता.

प्रश्न : नोकरीनिमित्त जर्मनीला जात आहे. गळ्यात सोन्याचे स्वस्तिक आहे. नाझींचे स्वस्तिक उलटे होते आणि आपले सुलटे, म्हणून काही अडचण येणार नाही, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?

मित्रांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्यावर विसंबून राहू नये. नाझी चिन्हाचे फाटे उजवीकडे वळलेले होते, म्हणजे हिंदू परंपरेत सर्वाधिक दिसणाऱ्या स्वस्तिकाप्रमाणेच. बहुतेकदा ते तिरके ठेवलेले असे, पण नेहमीच नव्हे. डावीकडे वळणारे स्वस्तिक पूर्व आशियातील बौद्ध परंपरेत विशेष दिसते. तेव्हा दिशा हा भेद ओळखण्याचा मार्ग नाही.

हे चिन्ह एका धर्माचे किंवा एका भूमीचे कधीच नव्हते. इटलीतील बोल्सेना येथील एत्रुस्कन लोकांच्या सोन्याच्या पदकावर, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास, स्वस्तिके आहेत. सांचीच्या तोरणस्तंभावर मांगल्यचिन्हे ओवलेल्या माळा कोरलेल्या आहेत, त्यांवरून अशी चिन्हे अंगावर ल्यायची कल्पना किती जुनी आहे ते दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत स्वस्तिकाची ब्रोचे सुदैवाची खूण म्हणून सर्रास घातली जात. नाझी पक्षाने ते १९२० मध्ये घेतले आणि १९३५ मध्ये ते जर्मनीच्या राष्ट्रध्वजाचे एकमेव चिन्ह झाले. अमेरिकेतील नावाहो लोक चांदीच्या दागिन्यांत आणि विणकामात ही आकृती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. १९४० मध्ये नावाहो, होपी, अपाचे आणि पापागो या चार समाजांच्या प्रतिनिधींनी जाहीरपणे तिचा त्याग केला. आपल्या पवित्र आकृतीचा दुसऱ्याने केलेला गैरवापर पाहून ती सोडून देणे किती यातनादायक असेल, याचा विचार व्हावा.

जर्मन दंडसंहितेचे कलम ८६अ घटनाविरोधी संघटनांच्या चिन्हांच्या प्रदर्शनाला बंदी घालते. त्या कलमाचा रोख नाझी चिन्हावर आहे, हिंदू श्रद्धेवर नाही. परंतु रस्त्यात समोरून येणारी व्यक्ती आपली श्रद्धा पाहत नाही, ती आकृती पाहते, आणि तिच्या आजी-आजोबांचा त्या आकृतीखाली अंत झालेला असू शकतो. पदक सदऱ्याच्या आत ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. देव्हाऱ्यात, घरात, आपल्या माणसांत ते पूर्ण अभिमानाने घालावे. स्वस्तिकाचे पावित्र्य तसूभरही कमी होत नाही, आणि दुसऱ्याच्या जखमेचा मानही राखला जातो.

प्रश्न : जांभळा, पांढरा आणि हिरवा खडा एकत्र असलेले जुने इंग्रजी ब्रोच म्हणजे स्त्रियांच्या मताधिकार चळवळीचा गुप्त संदेश, असे वाचले. हे खरे मानावे का?

रंग खरे आहेत. ‘गुप्त संदेश’ मात्र बहुतेक वेळा नंतर चिकटवलेला असतो. ब्रिटनमधील स्त्रियांच्या सामाजिक व राजकीय संघाने १९०८ मध्ये हे तीन रंग स्वीकारले. ते एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी निवडले होते, आणि त्यांचे अर्थही संघाने उघडपणे सांगितले होते : जांभळा आत्मसन्मानाचा, पांढरा शुचितेचा, हिरवा आशेचा. ज्या चळवळीच्या बायका हेच रंग पट्ट्यांवर आणि झेंड्यांवर मिरवत हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरत होत्या, त्यांना ते लपवण्याचे कारण नव्हते. शिवाय जांभळा ॲमेथिस्ट, हिरवा पेरिडॉट आणि मोती ही त्या काळातील अतिशय लोकप्रिय मांडणी होती आणि राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य स्त्रियांनी ती वापरली.

खात्री हवी असेल तर रंगापेक्षा आकृती आणि कोरीव मजकूर पाहावा. याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे चळवळीतील सिल्व्हिया पँखर्स्ट यांनी आखलेले, लंडनच्या हॉलोवे तुरुंगाच्या नावाचे ब्रोच. १९०९ पासून ते तुरुंगवास भोगलेल्या कार्यकर्त्यांना दिले जाई. त्याचा आकार साखळ्यांसह उभ्या जाळीच्या दाराचा, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या परिचित चिन्हाचा, आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवर छापला जाणारा रुंद बाण त्या तीन रंगांत. ज्या संसदेने आत येऊ दिले नाही तिचे दार, आणि ज्या तुरुंगात टाकले त्याची खूण, अशी दोन्ही अपमानचिन्हे त्यांनी सन्मानचिन्ह म्हणून छातीवर लावली. मला तरी आधुनिक काळातील एवढा नेमका दागिना दुसरा आठवत नाही.

अशा राजकीय दागिन्यांची वाट त्याआधीच पडली होती. १७८७ मध्ये जोसाया वेजवुड यांच्या कुंभारखान्यात गुडघे टेकलेल्या, साखळदंड घातलेल्या गुलामाचे पदक तयार झाले. ‘मी माणूस नाही का, बंधू नाही का?’ हा प्रश्न त्यावर होता. स्त्रियांनी ते कड्यांत आणि केसांच्या काट्यांत बसवून घातले. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातील स्त्रियांनी आपले सोने दिले आणि त्याबदल्यात लोखंडाचे दागिने घेतले. तेथे नक्षीला दुय्यम स्थान होते. धातू बदलला, हेच चिन्ह होते.

प्रश्न : मधमाशीच्या आकाराचे एक जुने फ्रेंच ब्रोच मिळाले आहे. नेपोलियनने मधमाशी उद्योगशीलतेसाठी निवडली होती का?

त्या गुणाचा उल्लेख होत असे, पण निवडीचे मुख्य कारण वंशपरंपरेचे होते. फ्रान्सच्या बूर्बों घराण्यातील राजांचे कमळासारखे लिलीचिन्ह नेपोलियनला चालणारे नव्हते आणि त्याहून जुने काही हवे होते. ते १६५३ मध्ये तूर्ने येथे सापडलेल्या एका कबरीने पुरवले. फ्रँक लोकांचा राजा पहिला शिल्डेरिक इ. स. ४८१ च्या सुमारास वारला. त्याच्या कबरीत सोन्याच्या सुमारे तीनशे माश्या निघाल्या आणि त्यांच्या पंखांत लाल गार्नेटचे पातळ तुकडे बसवलेले होते. कबर कोणाची, हे तेथील मुद्रेच्या अंगठीवर त्याचे नाव कोरलेले असल्यामुळे कळले. २ डिसेंबर १८०४ च्या राज्याभिषेकात नेपोलियनने अंगावर मधमाश्या मिरवल्या त्या या शोधामुळे, म्हणजे फ्रान्सच्या सर्वांत जुन्या राजांशी आपला धागा जोडण्यासाठी. शिल्डेरिकच्या त्या किड्यांना काही अभ्यासक मधमाशी न मानता सिकाडा हा झाडांवर किरकिरणारा कीटक मानतात. मूळ माश्यांपैकी बहुतेक १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून चोरीला जाऊन वितळवल्या गेल्या. आज दोनच शिल्लक आहेत, आणि बाकीच्यांचे रूप १६५५ मध्ये छापलेल्या चित्रांतून कळते.

आपल्या ब्रोचवरील माशीचे अंग जाड व ठोकळेबाज असेल, पाय व मिशा दाखवलेल्या नसतील आणि पंख मिटून अंगालगत बसलेले असतील, तर ती शिल्डेरिक-नेपोलियन परंपरेतील समजावी. पाय, मिशा आणि उघडे पंख खऱ्या किड्यासारखे बारकाईने केलेले असतील, तर ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कीटकांच्या दागिन्यांच्या आवडीतून आले असण्याची शक्यता जास्त आहे. मागच्या बाजूच्या पिनेचे छायाचित्र आणि तेथे असलेल्या ठशाचे मोठे केलेले चित्र पाठवलेत, तर पुढच्या अंकात त्याविषयी अधिक लिहिता येईल.